ओल्या जमिनीवरची परीक्षा

आमची मोटार माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती आणि घरात तिची बडदास्त माझ्यापेक्षा अधिक होती. याबद्दल माझी तक्रार नव्हती. वडील डॉक्टर, दवाखाना लोणावळ्यात आणि निम्मे रोगी मावळातल्या खेड्यांत. कापडी छताच्या त्या उंच गाडीवाचून उर्से किंवा वराळे त्यांच्या आवाक्यात नव्हते. तक्रार होती ती गाडीला लागलेल्या नव्या खोडीबद्दल. सकाळी एका झटक्यात सुरू होणारी गाडी पाऊण तास धावून पुरती तापली की बोलता बोलता माणसाने वाक्य अर्धवट सोडावे तशी बंद पडे. बोनेट उघडून अर्धा तास थांबावे, की पुन्हा काही घडलेच नाही अशा थाटात चालू. कामशेतच्या अलीकडे तिला ढकलण्याचा प्रसंग इतक्या वेळा आला होता की तिथल्या शेतकऱ्यांना आम्ही येण्याची वेळ पाठ झाली होती. त्यांच्यातले एक म्हातारे आबा एकदा मडगार्डला खांदा लावून वडिलांना म्हणाले, "डाक्तर, आदी हिलाच एक सुई टोचा. मानसं काय, मरतील सावकाश."

वडील हसले. मला हसू आले नाही, कारण दुखणे कशाचे आहे हे मला ठाऊक होते आणि ते कुणी माझ्याकडून ऐकून घेत नव्हते.

युद्ध संपून वर्ष होत आले होते. मी नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते, पहिल्या वर्गात. गाडीच्या इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवायला ठिणगी लागते आणि ती ठिणगी बॅटरीच्या सहा व्होल्टांनी पडत नाही. त्यांचे हजारो व्होल्ट करणारा एक पत्र्याचा डबा असतो, आत तांब्याच्या दोन तारा गुंडाळलेल्या. तीच इग्निशनची कॉइल. आतल्या तारांवरचे वेष्टन जुने झाले की गार असताना ते निभावते आणि तापले की दगा देते. आमच्या गाडीची लक्षणे याहून स्पष्ट असू शकत नव्हती. मी हे घरी तीनदा सांगितले. तिन्ही वेळा वडिलांनी "हं" म्हटले आणि पेट्रोलची नळी साफ करून घेतली.

चौथ्यांदा विषय काकांनी काढला. काका म्हणजे वडिलांचे थोरले बंधू. दर उन्हाळ्यात हवापालटासाठी पुण्याहून येत आणि हवा सोडून बाकी सगळे पालटायला बघत.

"पहिला वर्ग," आमटी भुरकत ते म्हणाले. "आणि बाप कामशेतला रस्त्यात उभा. मग त्या वर्गाचं काय लोणचं घालायचं?"

"कॉइल बदलली की गाडी चालेल," मी म्हणाले.

"मग बदल की. का तेही पुस्तकातच?"

वडिलांच्या मेजावर काचेच्या वजनाखाली माझा एम.एस्सी.चा अर्ज आठ दिवस पडून होता. त्यावर पालकाची सही हवी होती आणि अर्ज पोचण्याची मुदत त्या आठवड्याअखेर संपत होती. काकांचे मत, मुलीने याउपर शिकणे म्हणजे स्थळे घालवणे. वडिलांना मत नव्हते. थोरल्या भावासमोर ते त्यांना कधीच नसे. त्या दुपारी मात्र त्यांना एक पळवाट सापडली. पोळीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, "कॉइल तूच निवड. आम्ही दोघं वराळ्याला जाऊन येतो. गाडी वाटेत थांबली नाही, तर सही करतो. दादा, तुम्हाला चालेल ना?"

"चालेल," काका म्हणाले. "थांबली, तर मात्र हा विषय संपला."

माझी एम.एस्सी.ची दोन वर्षे एका पत्र्याच्या डब्यावर टांगली गेली आणि दोघांनी पुन्हा आमटीकडे लक्ष वळवले. मला शिसारी आली. तरी मी तो सौदा पत्करला, कारण दुसरा कुणी देऊ केला नव्हता.

घाट जिथे संपतो तिथून जवळच, मुंबईच्या रस्त्याला एक गॅरेज होते. घाट चढून उकळलेल्या गाड्यांवर ते पोसलेले. एरवी तिथे पाणी आणि पंख्याचे पट्टे विकले जात. पण लढाई संपल्यापासून लष्कराचा डिस्पोजलचा, म्हणजे नको म्हणून विकून टाकलेला, माल पोत्यांनी येऊन पडला होता. आत पाऊल टाकताच जो वास आला तो आजही मला जेवताना आठवू नये असे वाटते: जळके तेल, ओला काथ्या आणि पानाची थुंकी. मिस्त्री ज्या फडक्याने प्लग पुसत होता त्याच फडक्याने त्याने मला बसायला दिलेली खुर्ची पुसली आणि त्यातच तोंडही पुसले. मी उभीच राहिले.

सहा व्होल्टांची कॉइल हवी, असे मी सांगितले. त्याने तीन आणून फळीवर मांडल्या. एक लष्करी हिरव्या रंगाची, एक नुकताच काळा रंग दिलेली आणि एक बाजूला पोचा पडलेली. आकडे तिन्हींवरचे घासून गेलेले किंवा रंगाखाली गेलेले.

"यातली सहाची कोणती?" मी विचारले.

"बाईसाहेब, आकडे काय, कुणीपण छापतो. आपल्याकडं माल माणसाच्या अंगानं बोलतो," असे म्हणून त्याने मागे वळून हाक दिली. "ए गड्या, ये."

मागच्या सावलीतून एक माणूस उठून आला. पन्नाशीचा असावा, डोंगरातल्या वाडीवरचा ठाकर, कमरेला लंगोटी, पाय अनवाणी. पूर्वी तो सरपणाची मोळी घेऊन खाली येई आणि विकून परत जाई. आता तो मोळी टाकल्यावर दिवसभर इथेच थांबत होता. कशासाठी, ते मला पुढच्याच मिनिटाला कळले.

मिस्त्रीने बॅटरीचे एक टोक जमिनीत ठोकलेल्या पहारेला जोडले आणि दुसरे पोचा पडलेल्या कॉइलला. कॉइलची जाड तार, जी गाडीत प्लगकडे जाते, ती त्याने त्या माणसाच्या उजव्या हातात दिली. मग कॉइलचे उरलेले टोक पहारेला टेकवून झटकन उचलले. माणसाचा हात कोपरापासून उडाला, खांदा हलला. तार सुटली नाही. ती सोडायची नसते हे त्याला माहीत होते.

त्या वेळी तुंगार्लीच्या बंगल्यातले एक गृहस्थ गाडीत पाणी भरून घेत होते. त्यांच्याबरोबर दोन पाहुणे होते. ते तिघे गाडी सोडून जवळ आले आणि गृहस्थांनी खुर्ची ओढली. ज्याअर्थी खुर्ची नेमकी कुठे असते हे त्यांना न बघता कळले, त्याअर्थी ते ही परीक्षा पूर्वी पाहून गेलेले होते. मिस्त्रीने मला समजावले की गडी जितका उडेल तितकी कॉइल भारी. आसपासचे सगळे बंगलेवाले अशीच निवडतात.

हिरवीला माणूस जेमतेम हलला. "लष्करी आहे, शिस्तीत चावते," पाहुण्यांपैकी एक म्हणाला आणि बाकीचे हसले.

मग मिस्त्रीने कोपऱ्यातला पाण्याचा डबा उचलला आणि त्या माणसाच्या पायांभोवती चार शिंतोडे टाकले. "धूळ फार उडते, बाईसाहेबांची साडी खराब व्हायची," तो म्हणाला आणि काळी कॉइल जोडली. या वेळी माणूस गुडघ्यावर आला. गृहस्थांनी रुमाल तोंडाला लावून हसू आवरले. मिस्त्रीने काळी कॉइल माझ्यासमोर ठेवली, हलवायाने पेढ्यांचा पुडा ठेवावा तशी.

"ही घ्या. बाकीच्या दोन मी तुम्हाला विकणारच नाही."

"तुम्ही पाणी टाकलंत," मी म्हणाले.

"धुळीला."

"कोरड्या जमिनीवर अनवाणी माणसातून प्रवाह कमी जातो आणि ओल्यावर जास्त. तुम्ही कॉइल तपासली नाहीत, जमीन तपासलीत. आता याच ओल्यावर पोचा पडलेली लावा."

मिस्त्री दुखावल्यासारखा दिसला. "अहो, किती वेळा हाणायचं गड्याला? माणूस आहे तो."

आजवर इतके किळसवाणे वाक्य मी ऐकलेले नाही, आणि ते माझ्यामुळे निघाले हे त्याहून किळसवाणे होते. प्रयोगातली चूक दाखवण्याच्या भरात त्या माणसाला आणखी एक धक्का देण्याची मागणी मीच केली होती.

मी रीत बदलली. आमची गाडी गॅरेजबाहेर उभी होती आणि तिच्या दर्शनी फळीवर प्रवाह मोजणारा छोटा अँमीटर होता. तिन्ही कॉइल एकेक करून गाडीला जोडून इंजिन न फिरवता काटा बघायचा, एवढेच मी मागितले. सहा व्होल्टांची कॉइल चारएक अँपिअर घेते. बारा व्होल्टांची कॉइल सहाच्या बॅटरीवर त्याच्या निम्मेही घेत नाही आणि ठिणगीही तशीच केविलवाणी देते. मिस्त्रीने खांदे उडवून परवानगी दिली. हिरवीला काटा दोनाच्या खाली राहिला. म्हणजे ती लष्करी लॉरीची, बाराची, बाद. काळी आणि पोच्याची, दोघींना काटा चारावर.

खरा प्रश्न आता सुरू होत होता. गार असताना दोघी सारख्या. आमच्या कॉइलचा रोग तापल्यावरचा होता, तेव्हा तापवल्याशिवाय निवाडा होणार नव्हता. मी म्हणाले, कॉइल मेणकापडात बांधून अर्धा तास कढत पाण्यात ठेवू आणि मग ठिणगी पाव इंच उडी घेते का ते पाहू.

"माल पाण्यात घालू देणार नाही," मिस्त्री म्हणाला. जमिनीवर पाणी टाकताना त्याला ही काळजी नव्हती. "काळी न्या, आणि देवाचं नाव घ्या."

मी बाहेर आले. रस्त्याच्या कडेला एक नळ होता, तिथे तो माणूस हात धूत होता. जवळून पाहिले तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या पेरांवर मिरीएवढे पांढरे डाग दिसले. पुष्कळ. ठिणगी जिथून शिरते तिथे कातडी अशी मरते.

"काळी कशी आहे?" मी विचारले.

"झोंबती."

"ते पाहिलं. आणखी?"

त्याने गॅरेजकडे नजर टाकली. "मिस्त्री हाकलंल मला."

"मी त्याला सांगणार नाही."

"तुमाला येवडी कसली नड हाय, ताई? डाक्तर काय पायी चालायचं न्हाईत."

मी त्याला अर्जाचे सांगितले. कागद, सही, वराळे, काका, सगळे. का सांगितले ते आजही मला नीट उमगलेले नाही. बहुधा घरी हे कुणाला सांगता येत नव्हते म्हणून. तो हात झटकत ऐकत राहिला.

"म्हंजी आजून शाळाच?"

"शाळाच."

"लय शिकता," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सांगितले, "काळी दोनदा गेलती आन् दोनदा परत आली. परवा मिस्त्रीनं रंग दिला तिला. सकाळची झोंबती. पर घटकाभर चालू ठिवा, डबा हाताला चटका देतो, तवा नुसत्या मुंग्या. पोच्याचीचं तसं न्हाई. गार आसू दे न्हाईतर ऊन, येकच."

"हे तू किती वेळा पाहिलंस?"

"मोजतंय कोन? ह्या म्हैन्यात रोजच हाय."

"मग येतोस कशाला इथं?"

"तंबाकू देतो. आन् सावली हाय." त्याने बोटे एकमेकांवर घासली. "येवडंच, की भाकर ऊन हाय का गार, ते ह्या बोटांना कळंना झालंय."

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते. त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. आधी कणव आली नाही. आधी हे आले की याच्याकडे महिनाभराची निरीक्षणे आहेत, एकाच जागी, एकाच हाताने घेतलेली, गार आणि तापलेल्या दोन्ही अवस्थांतली, आणि निकाल कोणत्या बाजूने लागावा याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. माझ्या अँमीटरकडे यातले काहीच नव्हते.

मी आत जाऊन पोचा पडलेली कॉइल मागितली.

"का पण?" मिस्त्रीने विचारले.

"पोचा आवडला," मी म्हणाले.

"डॉक्टरसाहेबांना सांगा, मी काळीच सांगितली होती."

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात आम्ही वराळ्याला निघालो. काकांनी मुद्दामच दुपारची वेळ धरली होती. गाडी जितकी तापेल तितका त्यांचा पक्ष बळकट. पुढे वडील आणि काका, मागे मी आणि औषधांची पेटी. कार्ले गेले. कामशेत जवळ येऊ लागले तसा काकांनी खिशातून पानाचा डबा काढला, आता उतरावे लागणार अशा तयारीने. बांधावर तेच आबा उभे होते. आम्हाला पाहून ते नित्यनेमाने रस्त्याकडे निघाले आणि गाडी त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली, तेव्हा त्यांनी उचललेला हात काही वेळ तसाच वर राहिला. वराळ्याला वडिलांनी रोगी पाहिला. गाडी उन्हात तापत उभी होती. परत निघताना ती पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि लोणावळ्यात घराच्या फाटकापर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

फाटकात काका म्हणाले, "ओळखलीस कशी?"

"प्रवाह मोजला," मी म्हणाले. "हिरवी बारा व्होल्टांची निघाली, ती बाद केली."

"आणि उरलेल्या दोनांतली?"

वडील मागे वळून माझ्याकडे पाहत होते. इतक्या कौतुकाने त्यांनी माझ्या निकालाच्या तारेकडेही पाहिले नव्हते.

"तपासून," मी म्हणाले.

एक शब्द. त्या माणसाला मी वचन दिले होते ते मिस्त्रीला न सांगण्याचे. वडिलांना किंवा काकांना सांगू नये असे तो म्हणाला नव्हता. ते वचन मी माझ्या सोयीने ताणून सगळ्या जगाला लागू केले. काका पान लावत म्हणाले, "पोरीच्या डोक्यात प्रकाश आहे खरा," आणि वडिलांनी हातपाय धुण्याआधी, टोपीसुद्धा न काढता, अर्जावर सही केली. शाई वाळेपर्यंत मी तिथे उभी होते. जो आनंद व्हायचा तो झालाच.

पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरायला वडिलांबरोबर त्याच गॅरेजात गेले. वडील गाडीपाशी थांबले. आत मिस्त्री एका अनोळखी, सुटाबुटातल्या गृहस्थांना सांगत होता, "आपल्या इथल्या डॉक्टरांची मुलगी, सायन्समध्ये पहिला वर्ग. तिनंसुद्धा इथंच, ह्याच परीक्षेनं कॉइल पसंत केली. गाडी वराळ्याला जाऊन आली, कुठं उभी राहिली नाही." फळीवर तीन कॉइल होत्या. काळी आता तांबडी झाली होती. पहारेपाशी तोच माणूस उभा होता.

मी पुढे होऊन त्या गृहस्थांना म्हणाले, "या परीक्षेला काही अर्थ नाही. यात जमिनीचा ओलावा कळतो, कॉइल कळत नाही. त्या अर्धा तास कढत पाण्यात ठेवायला सांगा आणि मग ठिणगी पाहा."

त्यांनी घड्याळ पाहिले. "मला जेवायला मुंबई गाठायची आहे," ते सौजन्याने म्हणाले. "आणि तुम्ही तर कढत पाण्याशिवायच निवडलीत, असं हे सांगतात."

"विचारा की त्यांना," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती मौज होती. "चारावर काटा दोघींचा होता. मग पोच्याचीच कशी काय उचललीत, बाईसाहेब? सांगा की यांना."

उत्तर एका वाक्याचे होते. तांबड्या रंगाखाली कोणती कॉइल आहे ते मला माहीत होते आणि कुणी सांगितले तेही. तो माणूस मिस्त्रीच्या पाठीमागून माझ्याकडे पाहत होता. त्याने मान हलवली, जेमतेम, एकदाच: नको. ते वाक्य बोलले असते तर त्याची सावली गेली असती आणि माझे "तपासून" खोटे होते हे एव्हाना दारात येऊन उभ्या राहिलेल्या वडिलांना कळले असते. यातल्या कोणत्या कारणाने मी गप्प बसले याचे पृथक्करण मी पुष्कळदा केले आहे. उत्तर दर वेळी सारखे येते, आणि ते लिहावेसे वाटत नाही.

आता प्रयोगशाळेच्या वहीत प्रत्येक पानावर निरीक्षकाच्या नावासाठी एक ओळ सोडलेली असते. तिथे मी माझे नाव घालते, रोज. त्या माणसाचे नाव मी विचारले नव्हते.

मी दाराकडे वळले तेव्हा तो म्हणाला, "सही झाली न्हवं, ताई?"

"झाली."

"बरं झालं," तो म्हणाला. मिस्त्रीने पाण्याचा डबा उचलला. त्याने काही सांगण्याआधीच तो माणूस दोन पावले सरकून आपल्या जागेवर उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला.